छायाचित्राचा पत्ता

मुंबईत छायाचित्रणाची कला रुजली आणि मुंबईचा जुना किल्ला पाडला गेला, या दोन घटना जेमतेम आठ-दहा वर्षांच्या अंतराने घडल्या, आणि शहराच्या इतिहासाच्या दृष्टीने हा योगायोग फार मोलाचा ठरला. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे छायाचित्रकार म्हणून नाव मिळवले. सर बार्टल फ्रियर 1862 मध्ये गव्हर्नर झाल्यावर किल्ल्याचा तट पाडण्याचे काम हाती घेतले गेले, खंदक बुजवले गेले, आणि अपोलो गेट, चर्च गेट व बाजार गेट हे तिन्ही दरवाजे नाहीसे झाले. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले तेही 1863 साली, म्हणजे नेमक्या याच दिवसांत. तटाआडच्या मुंबईचे शब्दचित्र आणि छायाचित्र ही दोन्ही तिच्या अखेरच्या काळात का होईना, उमटून राहिली.

मात्र शब्दचित्रात लेखक ठिकाणाचे नाव सांगतो, छायाचित्र ते सांगत नाही. एकोणिसाव्या शतकातली मुंबईची असंख्य छायाचित्रे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि प्रवाशांच्या संग्रहांतून परदेशी गेली, आणि त्यांच्याखाली पुष्कळदा ‘मुंबईतील रस्ता’ किंवा ‘देशी वस्ती’ एवढेच लिहिलेले असते. काहींखाली काहीच नसते, आणि काहींखाली चुकीचे नाव असते, जे त्याहून घातक, कारण छापलेले नाव पुढचा प्रत्येक संग्राहक विश्वासाने उतरवत जातो. म्हणून अशा छायाचित्रातले स्थळ आणि काळ पुराव्यानिशी ठरवणे ही इतिहाससंशोधनाची एक स्वतंत्र शाखाच मानली पाहिजे. तिची साधने साधी असली तरी शिस्त कडक आहे.

या शिस्तीचा पाया म्हणजे कालमर्यादा. चित्रात दिसणारी एखादी वास्तू ज्या वर्षी उभी राहिली त्या वर्षाच्या आधीचे ते चित्र असू शकत नाही. ही झाली पूर्वमर्यादा. जी वास्तू असायला हवी पण दिसत नाही, किंवा पुढे जी पाडली वा हलवली गेली ती अजून जागेवर दिसते, तिच्यावरून चित्र कोणत्या वर्षानंतरचे असू शकत नाही हे कळते, ही उत्तरमर्यादा. या दोहोंमधले अंतर जितके कमी करता येईल तितका निर्णय भक्कम.

काळा घोडा चौकाचे उदाहरण घेतले म्हणजे ही रीत नीट उलगडते. आज महात्मा गांधी मार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पूर्वीच्या एस्प्लनेड रोडच्या पश्चिम बाजूला डेव्हिड ससून वाचनालयाची दगडी इमारत 1870 मध्ये पूर्ण झाली, आणि तिच्या उत्तरेला, इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभारलेले वॉटसनचे हॉटेल 1871 मध्ये सुरू झाले. पुढच्या चौकात प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे नंतरच्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1879 मध्ये बसवण्यात आला आणि त्याच्या काळसर रंगामुळे लोकांनी चौकाला काळा घोडा हे नाव दिले. वाचनालयाच्या दक्षिणेची एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत 1888 ची. समोरच्या बाजूच्या, आज छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तुसंग्रहालयाची इमारत 1914 मध्ये बांधून झाली आणि संग्रहालय म्हणून ती 1922 मध्ये खुली झाली. पुतळा 1965 मध्ये हलवला गेला आणि तो आता भायखळ्याला राणीच्या बागेच्या आवारात आहे. एवढा क्रम हाताशी असला की वाचनालय आणि हॉटेल आहे पण चौक आणि कॉलेजची जागा रिकामी आहे असे चित्र 1870 च्या दशकातले ठरते; पुतळा आहे पण वाचनालयाशेजारची जागा मोकळी आहे असे चित्र 1879 नंतरचे आणि कॉलेजच्या आधीचे ठरते.

यानंतर नजर रस्त्याकडे न्यावी. मुंबईत घोड्यांची ट्राम 9 मे 1874 रोजी सुरू झाली आणि तिच्या पहिल्या मार्गांपैकी कुलाबा ते पायधुणी हा मार्ग याच भागातून जात असे, म्हणून रूळ नसलेला रस्ता त्याआधीचा मानण्यास जागा आहे. विजेची ट्राम 1907 मध्ये आली आणि तिच्याबरोबर रस्त्यावरच्या तारा आल्या. शेवटची ट्राम 31 मार्च 1964 रोजी धावली. पहिल्या बसचे वर्ष 1926. इमारती दशक सांगतात, तर तारा, रूळ, दिव्याचे खांब आणि वाहने त्या दशकातली वर्षे वेगळी करून देतात, आणि जाणकार संशोधक चित्राच्या मध्यभागापेक्षा अशा कडेकोपऱ्यांकडेच अधिक वेळ पाहत राहतो, कारण छायाचित्रकाराने जे मुद्दाम टिपले त्याहून जे नकळत टिपले गेले तेच पुष्कळदा निर्णायक ठरते.

ओव्हल मैदानाच्या पूर्वेची इमारतींची रांग याहून ठळक साक्ष देते. जुने सचिवालय आणि विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह 1874 मध्ये पूर्ण झाले. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेला आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव दिलेला सुमारे 280 फूट उंचीचा राजाबाई टॉवर 1878 मध्ये, आणि उच्च न्यायालयाची इमारतही त्याच वर्षी पूर्ण झाली. टॉवरभोवती अजून परांची असेल तर ते चित्र 1878 च्या आधीच्या काही वर्षांतले ठरते. याच रांगेची पश्चिमेकडून घेतलेली जुनी चित्रे आजच्या वाचकाला चकित करतात, कारण त्यांत समुद्र रेल्वेमार्गाच्या अगदी जवळ आलेला दिसतो. चर्चगेट आणि मरीन ड्राइव्ह यांच्या दरम्यानची आजची वस्ती ज्या जमिनीवर आहे ती विसाव्या शतकातल्या बॅकबे भरावाने समुद्रातून काढलेली आहे, आणि हा किनारा कोणता हे न कळल्यामुळे अशी चित्रे भलत्याच ठिकाणची समजली जाऊ शकतात.

स्थळ ओळखले म्हणजे काम संपले असे होत नाही. कॅमेरा नेमका कुठे ठेवला होता हेही शोधता येते. चित्रातली जवळची एखादी कड, समजा एखाद्या इमारतीचा कोपरा, आणि तिच्या नेमकी मागे दिसणारा दूरचा मनोरा, ही दोन टोके नकाशावर सरळ रेषेने जोडून ती रेषा अलीकडे वाढवली की कॅमेरा त्या रेषेवर कुठेतरी होता हे निश्चित होते. चित्राच्या दुसऱ्या बाजूची अशीच एक जोडी घेऊन दुसरी रेषा काढली की दोन्ही रेषा जिथे छेदतात तीच छायाचित्रकाराची जागा. यासाठी नकाशा त्याच काळातला हवा, आणि मुंबईच्या बाबतीत तो उपलब्ध आहे हे शहराचे भाग्य: कर्नल लॉटन यांनी 1865 ते 1872 या काळात केलेल्या मोजणीचे नकाशे इतके बारकाईचे आहेत की त्यांवर एकेक घर वेगळे ओळखता येते. ही कसोटी इतकी खात्रीची आहे की केवळ ‘तसे वाटते’ म्हणून दिलेली नावे तिच्यापुढे टिकत नाहीत.

या पद्धतीत फसगतीच्या जागाही आहेत आणि त्यांतल्या बहुतेक छायाचित्रणाच्या तंत्रातून उद्भवतात. 1850 नंतर रूढ झालेल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायनाचा चिकट थर देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे, आणि भिंग काही सेकंद उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात चालत गेलेली माणसे काचेवर उमटतच नसत, किंवा धुरकट छायेसारखी उमटत. त्यामुळे त्या काळच्या चित्रातला निर्मनुष्य रस्ता खरोखर निर्मनुष्य होता असे मुळीच समजू नये. दुसरा धोका काच उलटी ठेवून छापलेल्या प्रतीचा, ज्यात डावे ते उजवे होते. दुकानाची पाटी असेल तर ती वाचून हा दोष लगेच ध्यानात येतो. पाटी नसेल तर इमारतींचा क्रम पाहावा. काळा घोड्याच्या रांगेकडे रस्त्याच्या पूर्व बाजूने पाहताना वाचनालय डावीकडे आणि वॉटसनचे हॉटेल उजवीकडे यायला हवे. याच्या उलट असेल तर प्रत उलटी छापली आहे. तिसरा धोका टपालाच्या सचित्र कार्डांचा. कार्डावरच्या शिक्क्याची तारीख ते कार्ड केव्हा धाडले हे सांगते, चित्र केव्हा घेतले हे नव्हे. प्रकाशक एकच चित्र वर्षानुवर्षे छापत, त्यावर हाताने रंग चढवत आणि प्रसंगी नकोसे वाटणारे तपशील पुसूनही टाकत.

सावल्यांचा पुरावा वाचकांना विशेष कुतूहलाचा वाटेल. मुंबई साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने वर्षातला बहुतेक काळ दुपारी सूर्य दक्षिणेकडे असतो आणि सावली उत्तरेकडे पडते. पण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत, म्हणजे शून्य सावलीच्या दोन दिवसांच्या दरम्यान, भर दुपारची सावली दक्षिणेकडे वळते. ओव्हलकडे तोंड असलेल्या इमारतींच्या दर्शनी भागावर थेट ऊन असेल तर वेळ दुपारनंतरचीच, कारण त्या पश्चिमाभिमुख आहेत. चित्रात मनोऱ्यावरचे घड्याळ वाचता आले तर उत्तमच, परंतु तिथेही सावध राहावे लागते: भारतीय प्रमाणवेळ 1906 पासून लागू झाली तरी तिच्या 39 मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहरात त्यानंतरही कित्येक दशके चालू होती.

जी ठिकाणे पूर्णपणे पुसली गेली त्यांच्या बाबतीत छायाचित्र हा कधीकधी एकमेव दृश्य पुरावा असतो. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक ही नावे राहिली, पण तिथले पाणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डासांच्या भीतीने बुजवले गेले, डॉ. बेंटली यांचा मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांवरचा 1911 चा अहवाल या मोहिमेच्या मागे होता. गोवालिया टँकची जागा पुढे मैदान झाली आणि 1942 च्या ‘भारत छोडो’ ठरावामुळे ती देशाला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणून परिचित झाली. 1896 मध्ये मांडवी भागात प्लेग उद्भवल्यावर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे नवे रुंद रस्ते काढले. त्यांखाली गेलेल्या गल्ल्यांचे रूप प्लेगच्या वर्षांत घेतलेल्या चित्रांत शिल्लक आहे, परंतु त्यांतल्या घरांचा पत्ता क्वचितच नोंदलेला आहे.

अशा शोधात रस्त्यांच्या बदललेल्या नावांची माहिती लागतेच. जुन्या मथळ्यातला हॉर्नबी रोड म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, चर्चगेट स्ट्रीट म्हणजे वीर नरिमन मार्ग, क्वीन्स रोड म्हणजे महर्षी कर्वे मार्ग. एस. टी. शेपर्ड यांचे 1917 चे मुंबईच्या स्थळनामांवरचे पुस्तक आणि आचार्य-शिंगणे यांचा 1889 चा ‘मुंबईचा वृत्तांत’ ही दोन्ही पुस्तके या कामी आजही उपयोगी पडतात.

या कामाकडे केवळ गतकाळाचा हळवेपणा म्हणून पाहणे हा त्याच्यावर अन्याय आहे. फ्लोरा फाउंटनजवळ 21 नोव्हेंबर 1955 रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला. त्या आंदोलनाच्या काळातल्या गर्दीच्या चित्रांत मागे कोणती इमारत आहे हे ठरवता आले, तर लोक कुठे जमले होते आणि पोलीस कुठे उभे होते हे सांगता येते, आणि 1961 मध्ये उभारलेले हुतात्मा स्मारक चित्रात आहे की नाही यावरून आंदोलनाची चित्रे नंतरच्या अभिवादन सभांच्या चित्रांपासून वेगळी काढता येतात.

तरीही एक उणीव मोठी आहे आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. व्यावसायिक छायाचित्रकारांनी फोर्ट, मलबार हिल आणि बंदर पुन्हा पुन्हा टिपले. गिरगावच्या वाड्या, परळ-लालबागच्या चाळी, गिरण्यांचे फाटक यांच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडी चित्रे आली. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, जमिनींवर मनोरे उठले, आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या धुराड्यासारख्या थोड्याच खुणा उरल्या. त्या वस्तीचा खरा दृश्य दप्तरखाना घराघरांत आहे: चाळीच्या गॅलरीत काढलेला बारशाचा फोटो, गणपतीच्या मंडपापुढचा मुलांचा घोळका, गच्चीवरच्या लग्नाच्या पंगतीमागे दिसणारे धुराडे. काढणाऱ्याच्या लेखी मागचे धुराडे बिनमहत्त्वाचे होते, पण स्थळ ठरवणाऱ्याला तेच हवे असते.

म्हणून ज्यांच्या घरी असे जुने फोटो आहेत त्यांनी ते वडीलधाऱ्यांसमोर ठेवून माणसांच्या नावांबरोबर जागा, चाळीचे नाव, दिशा आणि अंदाजे वर्ष विचारून घ्यावे आणि मऊ पेन्सिलीने पाठीमागे कडेला लिहावे. बॉलपेनने लिहू नये, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. संगणकावर प्रत काढताना कडा कापू नयेत, आणि माहिती कोणी सांगितली व कोणत्या खुणेवरून सांगितली हेही नोंदवावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला ती तपासून पाहता येईल. हे काम सांगणारी पिढी घरात आहे तोवरच होऊ शकते, तेव्हा ते येत्या सुट्टीतच करावे.