गायकावांचून गाणें

गाणें म्हटलें कीं गाणारा आलाच, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पाश्चात्यांच्या 'रॉक' संगीतांत तर बहुधा गायक हाच मंडळीचा नायक होय. मग त्यांतील एखाद्या गिटारवादकानें गायक न बोलावितां सबंध ध्वनिमुद्रिका काढली, तर ती लोक ऐकतील काय?

हा प्रश्न इंग्लंडचा जेफ बेक (१९४४–२०२३) यानें १९७५ सालीं 'ब्लो बाय ब्लो' ही ध्वनिमुद्रिका काढून सोडविला. तत्पूर्वीं रॉड स्टुअर्टसारखा गायक त्याच्या मंडळींत होता. परंतु त्या मंडळ्या एकामागून एक मोडल्या. तेव्हां त्यानें आपल्या तारांवरच भिस्त ठेविली. ध्वनिमुद्रणाची सूत्रें जॉर्ज मार्टिन याच्या हातीं होतीं. 'बीटल्स'च्या बहुतेक ध्वनिमुद्रिका यानेंच सिद्ध केल्या होत्या.

विजेच्या गिटारींत पोलादी तारांखालीं लोहचुंबक असून त्यांभोंवतीं बारीक तारेचें वेटोळें असतें. तार कंप पावली कीं वेटोळ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो वाढवून ध्वनिवर्धकांतून ऐकवितात. आवाज कमीजास्त करण्याची कळ वाद्यावरच असते. ती बंद ठेवून तार छेडावी आणि मग हळूहळू उघडावी, म्हणजे आघात लपतो व स्वर गळ्यांतून उमटल्यासारखा फुलत येतो. तार बोटानें ओढली असतां, सतारीवरील मींडेप्रमाणें, एक स्वर दुसऱ्यांत विरघळतो.

या दोन युक्तींचें मर्म 'कॉज वुइव्ह एंडेड अ‍ॅज लव्हर्स' या चिजेंत कळतें. ही चीज स्टीव्ही वंडर याची असून १९७४ सालीं सिरीटा राइट हिनें ती शब्दांसह गाइली होती. बेकनें शब्द वगळले. विरहाचें दुःख मात्र वगळलें नाहीं. कोठें स्वर कुजबुजतो, कोठें आक्रोश करितो, आणि कोठें वादक क्षणभर थांबतो. तें थांबणेंही अर्थपूर्ण वाटतें.

अमेरिकेंतील ध्वनिमुद्रिकांच्या 'बिलबोर्ड' यादींत ही कृति चौथ्या स्थानापर्यंत पोहोंचली.

वाद्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं यांतून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. बोटें जलद चालविणें हें अभ्यासानें साधतें. परंतु एकच स्वर ऐकणाऱ्याच्या अंतःकरणास भिडेल असा लावणें, ही खरी परीक्षा होय.