बरे वाटले, तरी गोळी सोडू नका

दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पीठ, भांडी, कोयते, सारे गाडीत चढते. कुणाला उन्मादाचा आजार होऊन गेला असेल, तर आम्ही आणखी एका वस्तूची आठवण देतो. ती म्हणजे त्याच्या गोळ्या.

उन्मादात माणूस रात्र-रात्र झोपत नाही, तरी थकत नाही. सारखा बोलतो, पैसा उधळतो, उगाच भडकतो. ही करणी नव्हे, बाधा नव्हे. हा आजार आहे. औषधाने तो शमतो. मग घरचे म्हणतात, "बरा झाला की! आता गोळ्या कशाला?" इथेच चूक होते. पहिल्या खेपेनंतर शंभरातल्या सुमारे ४० जणांचा आजार वर्षाच्या आत उलटतो.

फडात तर रात्री-अपरात्री गाडी भरावी लागते. झोप मोडली, की आजाराला वाट मिळते. म्हणून अशा माणसाला रात्रीच्या कामातून सोडवा.

निघण्यापूर्वी अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना भेटा. किती दिवसांच्या गोळ्या लागतील, ते विचारून घ्या. गोळी लिथियमची असेल, तर रक्त वेळेवर तपासा. उन्हात पाणी भरपूर प्या. मीठ एकदम तोडू नका. जुलाब-वांत्या झाल्या, तर लगेच डॉक्टर गाठा.

दोन रात्री झोप उडाली, तर ती धोक्याची खूण समजा. १४४१६ या नंबरावर फोन करा. तिथे मराठीत फुकट सल्ला मिळतो. उचल फिटेल, हंगाम पुन्हा येईल. आधी माणूस सांभाळू या.