भाषेची आवृत्ती बदलते तेव्हा

१३५ ला २ ने भागले, तर उत्तर किती? ६७.५, असे आपण सहज सांगाल. पण हाच भागाकार 'पायथॉन' या संगणक-भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिला, तर संगणक ६७ असे उत्तर देतो. तिसऱ्या आवृत्तीत मात्र तो ६७.५ सांगतो. संगणक तोच, लिहिलेली ओळही तीच. मग उत्तर का बदलावे?

पायथॉन ही भाषा खिडो फान रोसम या डच प्रोग्रॅमरने तयार केली व १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली. भाषेत सुधारणा होत राहतात व नव्या आवृत्त्या निघतात. जुने प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत जसेच्या तसे चालावेत, अशी साधारण अपेक्षा असते. घरातील जुन्या होल्डरमध्ये नवा एलईडी दिवा बसतो, तसेच हे. या गुणाला 'पूर्वसुसंगती' म्हणता येईल. परंतु ३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या पायथॉन ३ मध्ये ही पूर्वसुसंगती जाणूनबुजून मोडण्यात आली. याचे मुख्य कारण अक्षरांत दडलेले होते.

संगणक अक्षरे साठवतो ती आकड्यांच्या रूपाने. ० ते २५५ पैकी एक आकडा मावेल एवढ्या जागेला 'बाइट' म्हणतात. इंग्रजीपुरत्या जुन्या 'आस्की' संकेतात १२८ चिन्हे होती. त्यात देवनागरीला जागाच नव्हती. पुढे 'युनिकोड'ने जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक दिला. 'यूटीएफ-८' या पद्धतीने साठवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'पुणे' या शब्दात प, उकार, ण आणि एकार अशी ४ चिन्हे आहेत; म्हणजे बाइट झाले १२. शब्दाची लांबी विचारली, तर पायथॉन २ बाइट मोजून १२ सांगे. पायथॉन ३ चिन्हे मोजून ४ सांगतो.

पायथॉन २ मध्ये युनिकोड मजकुराचीही वेगळी सोय होती. मात्र बाइट आणि युनिकोड यांची सरमिसळ केली, तर इंग्रजी अक्षरे असेपर्यंत काम बिनबोभाट चाले आणि देवनागरी अक्षर येताच प्रोग्रॅम थांबे. म्हणजे इंग्रजीत नावे भरून तपासलेला प्रोग्रॅम कोणी मराठीत नाव लिहिताच बंद पडू शके! पायथॉन ३ ने बाइट आणि मजकूर यांची फारकत केली. आता सरमिसळ केली, तर ती चूक इंग्रजी अक्षरांनीही उघडी पडते.

याचा फटका संकेतस्थळांना मोठा बसला, कारण त्यांचे बहुतेक काम मजकुराचेच. संकेतस्थळ उभारताना लागणारे नेहमीचे भाग तयार देणाऱ्या सांगाड्याला 'वेब फ्रेमवर्क' म्हणतात. 'जँगो' हे पायथॉनमधील असेच एक फ्रेमवर्क. ते अमेरिकेत कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्रात तयार झाले व २००५ मध्ये सर्वांना खुले झाले. त्याच्यापुढे पेच उभा राहिला. भाषा बदलावी, तर त्याच्यावर उभी असलेली संकेतस्थळे मोडणार. न बदलावी, तर ते स्वतःच कालबाह्य होणार.

जँगोने मधला मार्ग काढला : दोन्ही आवृत्त्यांना समजेल असेच लिहायचे. त्यासाठी 'सिक्स' नावाचे साधन कामी आले. हे नाव का? कारण २ × ३ = ६! फेब्रुवारी २०१३ च्या जँगो १.५ मध्ये पायथॉन ३ ची सोय प्रयोगादाखल आली. पुढे काही वर्षे दोन्ही भाषा सांभाळून डिसेंबर २०१७ च्या जँगो २.० ने पायथॉन २ ची साथ सोडली. खुद्द पायथॉन २ ची देखभाल २०१५ मध्ये थांबायची होती. ती मुदत वाढवून १ जानेवारी २०२० करावी लागली.

अशा स्थित्यंतरात कोणती चूक अधिक धोक्याची? पायथॉन ३ मध्ये 'प्रिंट' आज्ञेला कंस लागतो. जुन्या पद्धतीने कंसाविना लिहिले, तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. म्हणजे चूक लगेच कळते. भागाकाराचे तसे नाही. प्रोग्रॅम चालतो, उत्तरही देतो, फक्त ते वेगळे असते. दोन चाचण्यांत मिळून १३५ गुण मिळवणाऱ्या मुलाची सरासरी अर्ध्या गुणाने बदलते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून अपेक्षित उत्तरे आधीच लिहून ठेवून दोन्ही आवृत्त्यांत पडताळणे हाच खरा उपाय होय. केवळ पूर्णांक हवा असेल, तर // हे चिन्ह वापरावे. त्याचा अर्थ दोन्हीकडे सारखाच आहे.

आता एक प्रयोग करा. 'श्री' हे दिसायला एकच अक्षर. त्यात श, हलन्त, र आणि ईकार अशी ४ चिन्हे, म्हणजे १२ बाइट आहेत. तुमच्या नावात चिन्हे किती व बाइट किती, हे आधी कागदावर मोजा आणि मग शाळेतील संगणकावर पायथॉन ३ मध्ये ताडून पाहा.