तुटक पदपथांचा हिशेब

पुण्याची एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ख्याती होती. कारखान्यातील कामगार, कचेरीतील कारकून, शाळामास्तर आणि महाविद्यालयीन मुलेमुली यांचा दिवस सायकलीवरच सुरू होई. आज रस्ते स्वयंचलित दुचाकींनी व्यापले आहेत. उत्पन्न वाढले, अंतरे वाढली, हे खरेच. परंतु अनेकांनी सायकल सोडली ती रस्त्यावरील भीतीपोटी, हेही तितकेच खरे आहे.

योजनांचा दुष्काळ होता असे मात्र नाही. वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्यास महत्त्व द्यावे, हे तत्त्व केंद्र सरकारच्या 2006 च्या नागरी परिवहन धोरणाने मान्य केले. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात जलद बसमार्गाचा प्रयोग सुरू झाला आणि त्याच्या कडेने सायकलमार्ग आखले गेले. पुढे महापालिकेने 2016 साली पादचारी धोरण स्वीकारले, तर 2017 साली सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. मग घोडे अडते कोठे?

ते अडते हिशेबाच्या पद्धतीत. एक कमान नसलेला पूल हा ‘नव्वद टक्के पूल’ नसतो; तो पूलच नसतो. पदपथाचेही तसेच आहे. दोन किलोमीटरच्या पदपथावर मध्येच विजेचे रोहित्र आले, पुढे दुचाकी उभ्या राहिल्या आणि चौकापाशी तो अचानक संपला, की वृद्धांना आणि शाळकरी मुलांना भर रहदारीत उतरावे लागते. ती शंभर पावलेच साऱ्या प्रवासाचा निर्णय ठरवतात. वार्षिक अहवालात मात्र बांधलेल्या लांबीची नोंद होते. तुटलेल्या जागांची होत नाही. जंगली महाराज रस्त्यावरील रुंद पदपथ पाहून समाधान वाटते. पण शेजारच्या गल्लीत शिरताच ते समाधान ओसरते. बेटे कितीही सुंदर असली तरी त्यांचे जाळे होत नाही.

या त्रुटीचा भार कोणावर पडतो? 2011 च्या जनगणनेनुसार देशातील शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामे करणाऱ्या दर शंभरांपैकी सुमारे 23 जण पायी, तर 13 जण सायकलने कामावर जात होते. त्यांचा वाया जाणारा वेळ आणि त्यांनी पत्करलेला धोका कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. उलट, रस्त्याकडेला फुकट उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मोटारीला दहा-बारा चौरस मीटर सार्वजनिक जमीन मिळते. हे अनुदानच आहे. फक्त त्याला तसे नाव नाही.

महानगर प्रदेशाचा विचार करता प्रश्न अधिकच बिकट होतो. दापोडीजवळ मुळा ओलांडली की महापालिका बदलते. शिवाय तीन कटक मंडळे, महामार्ग आणि गावांच्या हद्दी आहेतच. कामगाराच्या सायकलीला हद्द कळत नाही. निविदेला मात्र ती नेमकी कळते. 2015 साली स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सर्व हद्दींना ओलांडणारा एकच नकाशा राखावा आणि त्यातील तुटलेले सांधे प्रथम जोडावेत. 2022 पासून धावू लागलेल्या मेट्रोलाही हेच लागू आहे. प्रवास स्थानकाच्या पायरीवर संपत नाही.

यासाठी पैसा कोठून आणावा, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु सांधा जोडणे हे नवा मार्ग बांधण्यापेक्षा बहुधा स्वस्तच असते. फेरीवाल्यांना हुसकावणे हाही उपाय नव्हे. त्यांना नेमून दिलेली जागा आणि चालण्यासाठी किमान 1.8 मीटरची मोकळी पट्टी, दोन्ही आखणीतच हवीत. भारतीय रस्ते काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांतील किमान माप तेवढेच आहे.

पादचाऱ्यांना पदपथ वापरण्याचा हक्क हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट केले. आता प्रश्न उरतो तो मोजमापाचा. यंदा किती किलोमीटर बांधले हे विचारण्याऐवजी, किती शाळांपर्यंत दहा वर्षांचे मूल एकटे, सुरक्षित पोहोचू शकते, हे आपण नगरसेवकांना विचारू लागलो, तर अंदाजपत्रकाची भाषाही बदलल्यावाचून राहणार नाही.