पाळी गेल्यावरच्या गोळ्या आणि छातीचा कर्करोग

पाळी जाण्याच्या वयात अंगातून एकाएकी वाफा निघतात, रात्री घामाने चोळी भिजते, झोप उडते. "वयच आहे" म्हणून बहुतेकजणी सोसतात. त्रास फारच झाला तर डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या देतात. मग शेजारीण सांगते, "त्याने छातीचा कॅन्सर होतो," आणि गोळ्या उकिरड्यावर जातात. शेजारणीचे म्हणणे अगदीच खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे.

पाळी जाताना बीजकोशातली इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके आटतात. गोळीने ती भरून काढतात. नुसते इस्ट्रोजेन दिले तर गर्भपिशवीचे अस्तर वाढून तिथे कर्करोग होऊ शकतो. म्हणून पिशवी शाबूत असलेल्या बाईला दोन्हींची जोडगोळी देतात.

अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर या जोडगोळीची पाहणी झाली. २००२ च्या जुलैत ती मुदतीआधीच थांबवावी लागली. गोळी घेणाऱ्या दर दहा हजार स्त्रियांत वर्षाला ३८ जणींना छातीचा कर्करोग झाला, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ३० जणींना. म्हणजे आठ जास्त. हजार बायकांनी वर्षभर गोळ्या घेतल्या, तर जास्तीची एकसुद्धा पुरती भरत नाही. मात्र जितकी वर्षे गोळ्या चालू, तितका धोका वाढतो. पिशवी काढलेल्या स्त्रियांना नुसते इस्ट्रोजेन दिले होते; त्यांच्यात कर्करोग वाढला नाही.

हे आपल्याकडे मुद्दाम सांगायला हवे. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या ऐन तरुणपणी काढल्याचे २०१९ मध्ये गाजले. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही गेले, तर तिशी-पस्तिशीतच म्हातारपण येते, हाडे ठिसूळ होतात. अशा बाईने भीतीने गोळ्या टाकणे हेच जास्त नुकसानीचे. साधारण पन्नाशीपर्यंत तिला त्या बहुधा देतात.

ज्यांना छातीचा कर्करोग होऊन गेला आहे, पायाच्या शिरेत रक्त गोठले आहे किंवा कारण न कळता अंगावरून जाते, त्यांनी मात्र या गोळ्यांची चौकशी न करता दुकानातून त्या कधीही आणू नयेत. गोळ्या चालू असोत वा नसोत, छातीत गाठ लागली, तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका. कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाहीच.

आणि ऑपरेशन झाले असेल तर त्याचा कागद ट्रंकेतून शोधून दवाखान्यात न्या. बीजकोश ठेवलेत की काढलेत, हे त्यावर लिहिलेले असते.