लाकडी जमिनीचा लेप : कारखान्यातील व जागेवरील

घरात कठीण लाकडाची जमीन घालावयाची म्हटले की चर्चा होते ती लाकडाच्या जातीची. लेपाचा प्रश्न शेवटी सुताराच्या हवाली केला जातो. वास्तविक लेप चढविलेली फळी कारखान्यातून आणावयाची, की कोरी फळी बसवून, घासून जागेवरच लेप द्यावयाचा, हे आधी ठरले पाहिजे.

कारखान्यात फळीवर युरेथेन जातीच्या राळेचे अनेक पातळ थर देऊन ते अतिनील किरणांखाली काही सेकंदांत कठीण करतात. या राळेत पुष्कळदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात. मोहच्या काठिण्यश्रेणीत या द्रव्याचे स्थान 9, तर पादत्राणांबरोबर येणाऱ्या वाळूतील क्वार्ट्‌झचे 7. झिजेपुरता कारखान्यातील लेप सरस, यात वाद नाही. मात्र जड कपाटाचा पाय टेकला तर फळी लेपासकट दबतेच.

शेजारच्या दोन फळ्यांच्या जाडीत केसाएवढा फरक राहतो. जागेवर घासताना तो नाहीसा होतो. तयार फळी घासता येत नाही, म्हणून तिच्या कडा बहुधा किंचित उतरत्या तासलेल्या असतात आणि प्रत्येक जोडाशी बारीक खोबण राहते. जेथे जमीन रोज ओल्या फडक्याने पुसण्याची रीत आहे, तेथे या खोबणीतून पाणी फळीच्या कडेपर्यंत पोचते. जागेवरील लेप जोडांवरूनही पसरतो. अर्थात तोही जोड कायमचा बंद ठेवू शकत नाही.

कारण लाकूड हवेतील ओलावा सतत घेत व सोडत असते. सापेक्ष आर्द्रता 50 टक्के असता लाकडातील पाण्याचे प्रमाण सुमारे 9 टक्क्यांवर, तर 80 टक्के असता सुमारे 16 टक्क्यांवर स्थिरावते. सागवान या बाबतीत संयमी. तरी वर्तुळांच्या स्पर्शदिशेने कापलेली 100 मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी एवढ्या फरकाने सव्वा मिलिमीटरच्या आसपास फुगते. तांबड्या ओकची हालचाल याच्या सुमारे दुप्पट. त्यामुळे कोकणात भर पावसात बसविलेल्या जमिनीत उन्हाळ्यात फटी पडतात, आणि विदर्भात वैशाखात घट्ट ठोकलेली जमीन श्रावणात उचलते. कोरी फळी बसविल्यावर काही आठवडे थांबून, ती घरच्या हवेशी जुळल्यानंतर घासता येते. तयार फळीस ही सवड बसविण्यापूर्वीच द्यावी लागते, आणि ‘तयार’ या शब्दामुळेच ती बहुधा दिली जात नाही.

जागेवरील कामात धूळ व उग्र वास सोसावा लागतो. तेलयुक्त पॉलियुरेथेनचा प्रत्येक थर वाळण्यास जवळजवळ एक दिवस व पूर्ण कठीण होण्यास सुमारे एक महिना लागतो. दमट हवेत अधिकच. शिवाय सागवानातील नैसर्गिक द्रव्ये अशा लेपाचे वाळणे रोखतात. पृष्ठभाग द्रावकाने पुसून लागलीच पहिला थर न दिल्यास तो चिकट राहतो किंवा पुढे पापुद्र्यांनी सुटतो. सुतार टाळतात ती पायरी नेमकी हीच.

राहत्या सदनिकेत, जेथे खोल्या रिकाम्या करणे शक्य नाही, तेथे तयार फळीच घ्यावी. समुद्रकिनारी स्वतःचे घर असेल, तर जागेवरील लेप बरा; काम मात्र पावसाळ्यानंतर भिंती वाळल्यावरच काढावे.

दुरुस्तीच्या वेळी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा लेप काचकागदाला दाद देत नाही, आणि त्यावर नुसता नवा हात फिरविला तर तो नीट धरत नाही. फळी भरीव असल्यास तिच्या जिभेवरील लाकूड संपेपर्यंत ती पुनःपुन्हा घासता येते. प्लायवुडवर अगदी पातळ पापुद्रा डकविलेली तयार फळी घेतली असेल, तर घासण्याचा विचार सोडून फळीच बदलावी लागते.