गव्यापासून एक पाऊल अलीकडे

कोल्हापूरहून राधानगरीमार्गे फोंडा घाटाकडे निघालेला प्रवासी दाजीपूरला पोहोचतो, तेव्हा उसाची शेते मागे पडलेली असतात आणि सह्याद्रीचे निमसदाहरित जंगल सुरू झालेले असते. संस्थानकाळी हे शिकारीचे राखीव रान होते. 1958 मध्ये येथे गव्यांसाठी अभयारण्य घोषित झाले. 1985 मध्ये त्याचा विस्तार होऊन सुमारे 351 चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य आकाराला आले आणि 2012 मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. या रानात पर्यटकांना फिरवणारा मार्गदर्शक आणि वन्यजीव छायाचित्रकार या दोन भूमिका अनेकदा एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात. बाहेरून हेवा वाटावा असे हे काम. प्रत्यक्षात मात्र या दोन भूमिका एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढत असतात.

ताडोबाच्या विरळ, पानगळीच्या जंगलात पाणवठ्याकाठी वाघ बराच वेळ दिसू शकतो. राधानगरीत ती सोय नाही. येथे झाडी दाट, उजेड कमी आणि धुके वारंवार उतरणारे. गव्यांचा कळप सावराई सड्यासारख्या उघड्या कातळपठारावर चरायला आला तर दिसतो; एरवी काही क्षणांतच तो झाडीत नाहीसा होतो. म्हणूनच येथील मार्गदर्शकाला प्राण्याआधी त्याच्या खुणा दाखवाव्या लागतात. गव्याचा खूर गुरांच्या खुरासारखाच, पण आकाराने मोठा. त्याच्या ठशाची कड अजून धारदार आहे की ढासळली आहे, शेण ओले आहे की वर पापुद्रा धरला आहे, यावरून कळप किती वेळापूर्वी गेला याचा अंदाज बांधता येतो. वानराचा खाकरा किंवा सांबराचा इशारा ऐकून बिबट्याची चाहूल लागते. गव्याचे नाक तीक्ष्ण असते, त्यामुळे वारा कोणीकडून वाहतो हे सतत पाहावे लागते.

छायाचित्रकाराची अडचण वेगळी. काळाकुळकुळीत गवा आणि गर्द सावली समोर आली, की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो. समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून तो जादा प्रकाश आत घेतो. परिणामी गवा राखाडी दिसतो आणि मागची पाने पांढुरकी पडतात. त्यासाठी प्रकाश जाणीवपूर्वक कमी करावा लागतो. अंधारामुळे शटरचा वेग मंदावतो आणि चित्र हलते. या सर्वांवर सोपा वाटणारा उपाय एकच असतो, आणखी थोडे जवळ जायचे.

नेमक्या याच ठिकाणी मार्गदर्शकाने हात आडवा घालायचा असतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन एक टनापर्यंत भरते. तो चरायचे थांबून मान वर करून पाहू लागला, की अंतर संपले असे समजावे. त्याने फुत्कार टाकला, तर मागे फिरायला आधीच उशीर झालेला असतो. कळपात पिले असतील, तर माद्या अधिक सावध असतात. पण गाडीत बसलेल्या पाहुण्याने पैसे मोजलेले असतात, त्याला 'चांगला फोटो' हवा असतो आणि त्याच्या खुशीवर बक्षिसीही अवलंबून असते. त्याला नकार देणे म्हणजे स्वतःच्या मिळकतीला कात्री लावणे. त्यातच मार्गदर्शकाच्या गळ्यातही कॅमेरा असेल, तर मोह दुप्पट होतो.

हा मोह कोल्हापूरला नवा नाही. येथील संस्थानात पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे आणि त्या चित्त्यांना सांभाळणारे चित्तेवान पदरी असत. जनावराच्या सवयी जाणणाऱ्या माणसाचे ज्ञान तेव्हा शिकाऱ्याच्या कामी येई. आज तेच ज्ञान जनावराला निर्धास्त ठेवण्यासाठी वापरायचे आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गव्याला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. मात्र घरट्यावरची पाने बाजूला सारणे, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर बोलावणे, दुर्मीळ प्राण्याचा नेमका ठिकाणा छायाचित्रासोबत जाहीर करणे हे मोह आवरण्याची जबाबदारी रानात बहुतेक वेळा एकट्या माणसाच्या विवेकावर येऊन पडते.

जवळून टिपलेले चित्रच मोलाचे असते, हा समजही खरा नाही. राधानगरीत 2022 मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपलेला वाघ डिसेंबर 2023 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात पुन्हा कॅमेऱ्यात आला. दोन्ही वाघ एकच आहेत, हे अंगावरच्या पट्ट्यांवरून ठरले. माणसाच्या ठशांप्रमाणे ते प्रत्येक वाघाचे निराळे असतात. ती छायाचित्रे काही देखणी म्हणून गाजली नाहीत. पण राधानगरी ते कोयना-चांदोली हा वन्यप्राण्यांचा मार्ग अजून जिवंत आहे, याचा तो पुरावा ठरला.

अंतर राखण्याची ही शिस्त आता जंगलाबाहेरही लागणार आहे. 9 डिसेंबर 2020 रोजी पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेल्या गव्यामागे मोबाईल घेऊन गर्दी धावली. पळून पळून दमलेला तो गवा त्याच दिवशी मरण पावला. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोल्हापूर शहराच्या वेशीवर गवा आला आणि त्या दिवसांत परिसरातील एका तरुणाला गव्याच्या हल्ल्यात प्राण गमवावे लागले. अशा वेळी त्या जनावराला परतीची वाट मोकळी हवी असते, आणि भोवती जमलेली गर्दी तीच अडवून धरते.

दाजीपूरला जाणाऱ्या शहरी पर्यटकाने म्हणूनच मार्गदर्शकाची पारख किती प्राणी दिसले यावर करू नये. गाडी पुढे घेण्याचा आग्रह झाला असताना जो 'येथूनच पाहा' असे शांतपणे सांगतो, त्याची बक्षिसी कापू नये. कळप जेथे चरत होता तेथेच चरत राहिला, तर त्या माणसाचे काम चोख झाले असे समजावे.